तीन वर्षांची सही

६ जानेवारी, सोमवार

साखर कारखान्याकडून धैर्याला दरवर्षी दोन डायऱ्या मिळतात. एक तो ठेवतो, दुसरी मला, त्याच्या बहिणीला, पाठवतो. आजवर मी त्यांत रांगोळीचे ठिपके काढत आले. यंदा लिहिणार आहे, कारण दिवसभर ओरडून घसा बसलाय आणि राग अजून शिल्लक आहे.

सरकारी पोर्टलवर मुलांची माहिती भरायचा आज शेवटचा दिवस, आणि ऐन वेळी शाळेचं नेट गेलं. आमच्या कसबा बावड्याच्या या कोपऱ्यात मोबाईलची रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर येते. चौघी शिक्षिका पदर खोचून टाकीवर चढल्या आणि खाली पोरं टाळ्या वाजवत उभी. मी कंपनीच्या दुकानात फोन लावला. तिथला मुलगा म्हणतो, "मॅडम, तुमचा प्लॅन कमर्शियल आहे, वरचा घ्या." मी म्हटलं, अरे बाबा, शाळा आहे, पहिली ते सातवी, मराठी माध्यम. तर म्हणतो, "खासगी ना? मग कमर्शियलच."

खासगी म्हटलं की लोकांना टाय आणि पिवळी बस दिसते. आमच्या फाटकाला कडीसुद्धा नाही, सुतळी बांधलेली आहे. अनुदान एका पैशाचं नाही, आणि नेटचं भाडं मात्र मॉलला लावतात तेच. त्यामुळं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मरतुकडी लाइन आमच्या वाट्याला. पुण्याच्या एका माजी विद्यार्थ्यानं दिलेला मोठा डिजिटल फळा सहावीच्या वर्गात चादर पांघरून उभा आहे. पालक प्रवेशाला येतात, चादर उचलून बघतात, "चालू हाय का?" विचारतात आणि पुढं क्रांतीबाईंच्या टायवाल्या शाळेत जातात. गेल्या जूनला पहिलीचा वर्ग अर्धा रिकामा होता. या पाडव्याला तो भरला नाही तर आमच्या वडिलांची, आबांची, शाळा उठली, हे मला कुणी सांगायला नको.

९ जानेवारी, गुरुवार

आज शहरात जाऊन थेट कंपनीच्या मोठ्या कचेरीत शिरले. शिपाई अडवत होता. त्याला म्हटलं, "तू कुठल्या शाळेत होतास रे?" तो बाजूला झाला.

आत गुरुप्रसाद नावाचा अधिकारी भेटला. तरुण आहे, पण बसायला सांगितलं आणि पाणी दिलं. म्हणाला, "बाई, दुकानात विचारून काय उपयोग न्हाय. दुकानदाराला सवलत ठावं नसती. संस्थांचा विभाग येगळा हाय, आणि मागणाऱ्यालाच मिळती."

मग त्यानं नीट समजावलं. मान्यताप्राप्त शाळा असेल, शाळेचा सरकारी क्रमांक आणि संस्थेची नोंदणी असेल, तर खासगी शाळेलाही निम्म्या दरात लाइन मिळते. मे महिन्याच्या सुट्टीत लाइन झोपवून ठेवायची सोय आहे, तेव्हाचं भाडं नाही. शिक्षकांच्या मोबाईलचा गट करून आपापसातले फोन त्यातच बसतात. पण एकट्या लहान शाळेला वरून मंजुरी येत नाही. निदान तीन शाळांनी मिळून एक अर्ज करायचा, एक संपर्क व्यक्ती नेमायची, आणि प्रत्येक संस्थेच्या अध्यक्षानं तीन वर्षांची हमी सही करून द्यायची. मधेच एक शाळा सुटली तर तिघींची सवलत गेली.

"तीन वर्षं म्हंजे काय लई न्हवं," तो म्हणाला. मी हसले. आमची शाळा त्याच्यापेक्षा वयानं मोठी आहे.

११ जानेवारी, शनिवार

अध्यक्ष म्हणजे आमचा धैर्या. धैर्यशील, माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो लहान होता. त्याच्या डोक्याला तेल लावणं, दप्तर भरणं, मारामारी करून आला की आबांपासून लपवणं, सगळं माझ्याकडं. माझं लग्न होऊन मी इचलकरंजीला गेले तेव्हा तो ट्रॅक्टरच्या मागं पळत आला होता. नवरा गेल्यावर मी परत आले आणि आबांनी शाळा माझ्या हाती दिली. शाळेमागच्या दोन खोल्यांत मी राहते.

जागा आबांच्या नावावर होती. ते वारले तेव्हा मी तलाठ्यासमोर हक्कसोड करून दिलं. आमच्यात बहिणी भावाकडं वाटणी मागत नाहीत. मागितली की माहेर तुटतं. धैर्या तेव्हा रडत म्हणाला होता, "जमीन माझी, शाळा तुझी, आक्का." मला तेवढं पुष्कळ होतं आणि आहे.

अर्ज त्याच्याकडं दिलाय. सवलत म्हटल्यावर स्वारी उडी मारून सही करेल. चपलांच्या दुकानात अर्धा तास घासाघीस करणारा माणूस आहे.

१८ जानेवारी, शनिवार

जोतिबाच्या डोंगरावर गेले. तिथं हंबीरराव सर लहान शाळा चालवतात. पोरं बहुतेक पुजाऱ्यांची आणि नारळ-गुलालाच्या दुकानदारांची. सर डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी. म्हणाले, "बाई, आमच्यात धुतल्यावर बी हाच रंग."

मी योजना सांगितली. ते उभेच राहिले. "चैत्र यात्रंला मोबाईल म्हंजे नुसता डबा हुतोय. एवढी माणसं डोंगरावर, कुणाचा कुणाला फोन लागंना. तवाच पोर्टलचं काम अडकतंय. केबलची लाइन द्या बाई, मी अध्यक्षांना आत्ता उठवून आणतो." आणि खरंच झोपलेल्या माणसाला उठवून सही घेतली.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन छान झालं. धैर्यानं भाषण सुरू केलं, "ही शाळा आबांनी..." आणि पुढं त्याला बोलवेना. शेवटी मीच 'भारत माता की' ओरडले. नंतर तो मोबाईलनं मैदानाचे, वर्गांचे, चिंचेच्या झाडाचे फोटो काढत हिंडत होता. आबांची आठवण त्याला अशी अधूनमधून गाठते. वरून राकट आहे, आतून अजून तो ट्रॅक्टरमागचा पोरगा आहे.

सहीचं विचारलं. म्हणाला, "बघूया की, आक्का." जिलेबी न खाता गेला.

२ फेब्रुवारी, रविवार

एसटीनं शाहूवाडी. तिसरी शाळा मिळाली. भैरवी नावाची मुख्याध्यापिका, माझ्या निम्म्या वयाची, भातशेतांच्या मधोमध शाळा. तिची पोरं पावसाळ्यात ओढा भरला की घरीच अडकतात. तिला वाटतं, लाइन आली तर निदान गावात एका घरी बसवून शिकवता येईल. तिचे सासरेच अध्यक्ष. त्यांनी विचारलं, "तीन वर्षांची हमी? सून हितं म्हातारी हुईस्तोवर देतो की." भैरवी लाजली. मला फार बरं वाटलं.

आता फक्त आमची सही राहिली. ज्यानं लग्न ठरवलं त्याच्याच घरात मांडव नाही, अशी माझी गत आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

पुरणपोळी करून नेली. धैर्या तीन खाऊन म्हणाला, "जरा दिवस बघून करू सही." हा कधीपासून पंचांग बघायला लागला? मी म्हटलं, तुझ्या ट्रॅक्टरची सुद्धा पूजा मी करते, तुला दिवस कुठला कळतो? तो हसलाच नाही.

मला वाटतं त्याला राग आलाय. आधी त्याला न विचारता मी डोंगरावर आणि शाहूवाडीला गेले, हे पुरुषांना लागतं. समजूत काढावी लागणार.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मैदानात दोघेजण तिपाईवरची दुर्बीण लावून मापं घेत होते. रस्ता रुंदीकरणाचे असावेत. कारखान्याच्या उसाच्या गाड्या वाढल्यात, रस्ता पाहिजेच. कुंपण दोन फूट मागं सरकलं तर सरकू दे.

उन्हात उभे होते म्हणून शालूबाईला चहा टाकायला सांगितलं. शालूबाई आमची शिपाई, घंटा तीच देते आणि रडणाऱ्या पोरांना तीच गप्प करते. ती म्हणाली, "साखर संपल्या." साखर कारखान्याच्या गावात साखर संपली! डबा उघडून बघितला तर काठोकाठ भरलेला. मी चिडले. आल्या-गेल्याला पाणी विचारायची आपली रीत, तू अशी कशी वागतेस? तर तोंड फिरवून म्हणाली, "त्यास्नी माझ्या हातचा चहा न्हाय मिळायचा, बाई. तुमी करून द्या." मी करून दिला. घरी काहीतरी बिनसलं असेल तिचं.

८ मार्च, शनिवार

भावजय पूर्णिमा साडी घेऊन आली. मोरपंखी, काठ सुरेख. म्हटलं, आज काय विशेष? म्हणाली, सहज. मग बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत बसली आणि जाताना विचारलं, "आक्का, तुमचं गुडघं दुखत्यात, तुमास्नी दुसरा मजला चालंल काय? लिफ्ट असली तर?"

म्हणजे घरावर मजला चढवतायत आणि मला तिकडं न्यायचा विचार आहे. लिफ्टपर्यंत विचार केलाय वेड्यांनी. मी तिला सांगितलं, शाळेपासून लांब मला झोप येत नाही. ती पायरीवर थांबली. डोळे भरले होते तिचे. भावजय अशी मिळायला नशीब लागतं.

२७ मार्च, गुरुवार

धैर्या स्वतः आला. फाटकाची सुतळी सोडताना बराच वेळ लावला. म्हणाला, "आक्का, यंदा पाडव्याला प्रवेश नको घ्यायला."

"का?"

"रविवार हाय की."

पाडव्याला पहिलीचा प्रवेश आणि पाटीपूजन, ही आबांनी घालून दिलेली रीत. तिला रविवार आडवा येतो होय? मी म्हटलं, "तुझं नाव आबांनी शनिवारी घातलं होतं, तू शिकलास ना?" त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "किती राबशील गं." लहानपणी ताप आला की जसा बोलायचा तसा आवाज होता. मग गेला. सही आजही नाही.

गुरुप्रसादचे फोन येतायत. दोन शाळांची कागदपत्रं पूर्ण आहेत, आमच्यावाचून अडलंय. मला लाज वाटते.

३० मार्च, रविवार, पाडवा

भरला! पहिलीचा वर्ग भरला!

गुरुप्रसादनं आजच्यापुरती चाचणीची जोडणी दिली होती. मी चादर ओढली आणि फळा उजळला. एका कार्ट्यानं वाघ मागितला, वाघ आला. दुसरीनं समुद्र मागितला. बावड्याच्या बायका कडेवरची पोरं घेऊन दारात दाटल्या होत्या. कारखान्यातला एक फिटर म्हणाला, "बाई, माझ्या पोरीला मी टायवाल्या शाळेत घालणार हुतो, आता हितंच." शालूबाईनं प्रत्येकाच्या पाटीवर कुंकवाचं बोट लावलं आणि मी प्रत्येकाचा हात धरून 'श्री' काढला. एवढे मऊ हात. एकीनं विचारलं, "उद्या येऊ?" मी म्हटलं, जूनमध्ये, बाळा.

धैर्या आला नाही. गावाला गेला म्हणे. शालूबाई संध्याकाळी पाट्या पुसताना रडत होती. मी म्हटलं, अगं, आनंदाच्या दिवशी? ती आणखीच रडली.

९ एप्रिल, बुधवार

गुरुप्रसाद आज केबलच्या माणसाला घेऊन जागा बघायला आला. सही आली की लगेच काम सुरू करता यावं म्हणून. किती भला माणूस. चिंचेखाली उभा राहून तो कंत्राटी माणूस म्हणाला, "सायेब, हितं आता खांब रोवून काय करायचा? पुढच्या वर्साला हितं बिल्डिंगच्या लायनी टाकायच्या हाईत की. मागच्या म्हयन्यात बिल्डरबरोबर मीच आलतो. दिवाळीला पायाखुदाई."

मी म्हटलं, "पावणं, तुमी जागा चुकलाय. ती पलीकडची."

तो म्हणाला, "न्हाय बाई. हीच चिंच. धैर्यशीलरावांची जागा न्हवं?"

गुरुप्रसाद माझ्याकडं बघत नव्हता. शालूबाई झाडू धरून दारात उभी होती. तिनं मान खाली घातली. तेव्हा मला कळलं, की ही गोष्ट फक्त मलाच ठाऊक नव्हती.

१० एप्रिल, गुरुवार

काल पुढचं लिहवेना. आज लिहिते.

धैर्याच्या घरी गेले. तो बाहेरच्या सोप्यात बसला होता. मला बघून उठला आणि त्याचं तोंड बघूनच उत्तर मिळालं. तरी मी विचारलं, "शाळंवर बिल्डिंग व्हणार हाय?"

पूर्णिमा आत गेली. तो म्हणाला, "परीक्षा झाल्यावर सांगणार हुतो."

"कुणाची परीक्षा?"

मी म्हटलं, "तीन म्हयनं तो कागद तुझ्याकडं पडलाय. सही करत न्हाय म्हणून तोंडानं सांगता येत न्हवतं?"

"सही केली असती तर ती खोटी झाली असती, आक्का. तीन वर्सं शाळा ऱ्हाणार न्हाय हे मला ठावं हुतं. मी तुला कवा खोटं बोललोय? आजपतोर एकदा तरी?"

हे ऐकून मी खालीच बसले. खरं आहे ते. तो कधी खोटं बोलला नाही. मार खायचा, पण खरं सांगायचा. आणि मी त्या न केलेल्या सहीला तीन महिने पुरणपोळी खाऊ घालत होते.

मग तो बोलत सुटला. मराठी शाळा किती दिवस रेटायची, छप्पर गळतंय, त्याच्या पोराला, यशराजला, पुण्याहून परत यायचंय, त्याला इथं काहीतरी उभं करून द्यायला नको का. "दुसऱ्या मजल्यावर तुला फ्लॅट हाय, तुझ्या नावावर. लिफ्ट हाय. आणि बिल्डिंगला आबांचं नाव देणार."

"आबांचं नाव शाळंला हाय की, धैर्या."

"शाळंत पोरं कुटं हाईत?"

"पाडव्याला वर्ग भरला."

"म्हणून तर नको म्हटलं हुतं गं!" तो ओरडला, आणि रडायला लागला. पन्नाशीचा बाप्या, मिशीवरून पाणी गळतंय. माझा हात पदराकडं गेला. सवयच ती. मी हात मांडीखाली दाबून धरला.

मागू कशाच्या जोरावर? हक्कसोड मी केलं. भांडले तर माहेर तुटेल म्हणून जे आयुष्यभर टाळलं, ते न भांडताच तुटलं.

१२ एप्रिल, शनिवार

डोंगरावर चैत्र यात्रा. आवाज इथपर्यंत येत नाही, पण रस्ता देवाच्या उंच सासनकाठ्यांनी आणि गुलालानं भरून वाहतोय. हंबीरराव सरांचा फोन दुपारी कसाबसा लागला. "बाई, कवा येणार लाइन?" एवढंच ऐकू आलं आणि तुटला. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

माझ्यामुळं त्यांचीही जाणार. तीनच शाळा होत्या.

१७ एप्रिल, गुरुवार

या आठवड्यात शाळेत जाऊन परीक्षा घेतल्या, पेपर तपासले. शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीतही जाऊन आले. जागा मालकाची, संस्था बंद करायचं म्हणते, मुलांची दुसरीकडं सोय झाली की परवानगी मिळते. तिथल्या बाईंनी खुर्ची दिली, याहून जास्त काही त्यांच्या हातात नव्हतं.

घरी येऊन रागानं भांडी घासत होते, तेव्हा सुचलं. तीन शाळांचा गट मी जमवलाय. गटातली एक जागा रिकामी होतेय. ती कुणाला द्यायची हे माझ्या हातात आहे. धैर्याच्या नाही, बिल्डरच्या नाही, माझ्या.

१९ एप्रिल, शनिवार

क्रांतीबाईंकडं गेले. इतकी वर्षं ज्यांना मी टायवाली म्हणत आले, त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसले. त्यांची शाळाही खासगी, टाय असला तरी मराठीच, त्यांनाही तोच मॉलचा दर. सवलत मागता येते हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी सगळं उलगडून सांगितलं. कागद कुठले, कचेरी कुठली, कुणाला भेटायचं.

त्या म्हणाल्या, "आणि हे तुम्ही आम्हाला का देताय?"

मी म्हटलं, "माझी सगळी पोरं घ्यायची. डोनेशन न घेता, माझ्याच फीमध्ये, सातवी होईपर्यंत. पाडव्याची धरून. डिजिटल फळा घेऊन जा. आणि शालूबाईला कामावर घ्या."

क्रांतीबाईंनी पेपरवेट बाजूला ठेवला. मला वाटलं, आता फीवर अडणार. तर त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही?"

या प्रश्नाचा मी विचारच केला नव्हता. म्हटलं, "मी रिटायर." आणि तिथं, त्या वातानुकूलित केबिनमध्ये, परक्या बाईसमोर मला रडू फुटलं. त्यांनी उठून दार लावून घेतलं. नंतर अध्यक्षांना बोलावलं. त्यांनी फीवरून थोडी कुरकुर केली, मग पेन काढलं आणि उभ्या उभ्या सही केली. सही करायला इतका कमी वेळ लागतो, हे मी विसरूनच गेले होते.

१ मे, गुरुवार

निकाल वाटले. आजवर निकालाच्या दिवशी फाटकात पेढे असायचे. आज प्रत्येकाच्या हातात निकाल आणि शाळा सोडल्याचा दाखला. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात मी सगळ्या दाखल्यांवर स्वतः लिहिलं, 'शाळा बंद'. तिसऱ्या-चौथ्या दाखल्यानंतर हात आपोआप चालायला लागला, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तो फिटर पोरीला घेऊन आला. चिडलेला होता. "बाई, मग पाडव्याला का घेतलासा?" मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. त्याला ते खरं वाटलं नाही. मुख्याध्यापिकेला माहीत नाही, अध्यक्षाच्या सख्ख्या बहिणीला माहीत नाही, हे कुणाला खरं वाटेल?

शालूबाईनं शेवटची घंटा दिली. पोरं नेहमीसारखी आरडाओरडा करत सुटली. त्यांना सुट्टी लागली होती.

२८ मे, बुधवार

कारखान्यासमोर एक खोली भाड्यानं घेतली. फ्लॅट नको म्हणून कळवलं. धैर्या सामान हलवायला ट्रॅक्टर घेऊन आला होता, मी रिक्षा सांगितली होती. तो रिक्षात सामान चढवत राहिला. त्यानं माझी शिलाई मशीन दोरीनं अशी बांधली, की एक ओरखडा पडला नाही. मला त्याचा राग धरून ठेवायचाय आणि तो टिकत नाही. टिकला असता तर सोपं झालं असतं.

१६ जून, सोमवार

शाळेचा पहिला दिवस.

सवयीनं अंघोळ करून, साडी नेसून तयार झाले आणि मग खुर्चीत बसून राहिले. खिडकीतून पोरं जाताना दिसत होती, गळ्यात नवे टाय. टायची गाठ कुणालाच जमली नव्हती.

गुरुप्रसादचा फोन आला. तिन्ही शाळांच्या लाइन सुरू झाल्या होत्या. अर्जावर संपर्क व्यक्ती म्हणून अजून माझंच नाव आहे, तेव्हा चाचणी मी बघून 'चालू आहे' म्हणायचं. त्यानं मोबाईलवर दुवा पाठवला. तिन्ही शाळा एकदम दिसल्या. डोंगरावरून गुलाबी हंबीरराव सर ओरडत होते, "बाई, दिसतोय का मी?" शाहूवाडीत पाऊस होता, भैरवीच्या मागं पोरं पाय पुसत होती. आणि तिसऱ्या चौकोनात क्रांतीबाईंचा चौथीचा वर्ग, आमचा फळा भिंतीवर लावलेला.

क्रांतीबाई म्हणाल्या, "संयोगिताबाई, तुमचा आवाज वर्गात येतोय का बघूया. काहीतरी बोला."

मी मोबाईल तोंडाजवळ धरला. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या कुणीतरी फळ्यावर माझं तोंड ओळखलं. माझी पोरं उठून उभी राहिली. आधी चार-दोन, मग सगळी. नव्या शाळेत असं करत नाहीत बहुतेक, कारण तिथली मूळची पोरं बसल्या जागी बघत राहिली. आणि आमच्या शाळेत रोज सकाळी म्हणतात तसं, हेल काढून, सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, "न-म-स्ते, बा-ई!"

आणि तशीच उभी राहिली. मी सांगितल्याशिवाय ती बसत नाहीत. मीच लावलेली शिस्त आहे.

क्रांतीबाई थांबल्या.

मी म्हटलं, "बसा."

ती बसली. मग मी गुरुप्रसादला सांगितलं की लाइन चालू आहे, आवाज नीट पोचतोय. क्रांतीबाईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. पहिली दोन नावं मी ऐकली आणि फोन बंद केला.